वाकड्या जागेवरचे दुसरे घर

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, वर्धा यांस



ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये मालकाचे नाव असते, चतुःसीमा असते, क्षेत्रफळ असते, कराची रक्कम असते. जागेचा आकार मात्र नसतो. 780 चौरस फूट म्हणजे 26 बाय 30 चा नीट चौकोन, की समोर 21 आणि मागे 31 फूट रुंदीचा तिरपा तुकडा, हे त्या उताऱ्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. घरकुलाचा कागद मात्र याच उताऱ्याच्या आधारावर पुढे सरकतो आणि नमुना नकाशा त्याला जोडला जातो तो काटकोनी. पुढचे सगळे गवंड्याच्या डोक्यावर.

मी याच जिल्ह्यात गावोगावच्या घरांचे नकाशे काढून देतो. शहरातल्या लेआउटमधले सरळ प्लॉट माझ्याकडे क्वचितच येतात. त्यांना माझी गरजही नसते. येतात ते गावठाणातले तुकडे. त्यातही हल्ली अधिक येते ती एकच मागणी: समोर जुने घर आहे, त्यात आईवडील आहेत, मागे सांदवाडीची जागा पडून आहे, तिथे दोन खोल्यांचे दुसरे घर बसवून द्या. कधी मुलाचे लग्न झालेले असते, कधी दोन भावांच्या चुली वेगळ्या झालेल्या असतात. कधी उलटे असते, समोरचे घर मुलाला देऊन म्हातारी माणसेच मागे जायला तयार असतात. माणसांना गाव सोडायचे नसते, अंगणही सोडायचे नसते. फक्त एक दार आपले हवे असते.

आपल्या गावठाणांतली जागा वाकडी का, हे सांगायला इतिहासकार नको. बैलगाडी जिथून वळली तिथून पांदण गेली, पांदणीच्या कडेने घरे बसली, नाल्याने आपली हद्द आपणच आखली. मग वाटण्या झाल्या. वाटणीत विहीर दोघांची राहिली, बोळ दोघांचा राहिला, कोठ्याची भिंत अर्धी-अर्धी झाली आणि जमिनीचे तुकडे तिरपे होत गेले. आपल्याकडे समोर अरुंद आणि मागे रुंद जागेला गोमुखी म्हणतात, समोर रुंद आणि मागे अरुंद असली की व्याघ्रमुखी. गोमुखी राहायला चांगली, व्याघ्रमुखी दुकानाला, असा लोकांचा ठाम समज. या समजाशी मी वाद घालत नाही, कारण निदान त्या निमित्ताने घरमालक जागेच्या आकाराविषयी बोलतो. सरकारी कागद तेवढेही बोलत नाही.

आता सरकारी बाजू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 साली सुरू झाली, तेव्हा घराचे किमान क्षेत्र 20 वरून 25 चौरस मीटर झाले, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. तेव्हा सपाट प्रदेशासाठी केंद्र-राज्याचे मिळून 1 लाख 20 हजार, शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार ठरले. दुसऱ्या टप्प्यात 2029 पर्यंत देशात आणखी 2 कोटी घरे बांधायची आहेत. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे; 500 चौरस फुटांपर्यंतची जागा घ्यायला ती मदत करते. मदत चांगलीच आहे. पण 500 फूट जागा विकणारा माणूस आपला सरळ, रस्त्याला लागून असलेला तुकडा विकत नाही. तो विकतो कोपरा. म्हणजे योजना जितकी खालच्या माणसापर्यंत पोहोचेल तितकी जागा अधिक वाकडी मिळणार, हे गृहीत धरूनच नकाशे काढायला हवेत.

वाकड्या जागेवर गवंडी काय करतो ते पाहा. तो हद्दीला हद्द धरून भिंत उचलतो. मालकालाही तेच हवे असते, कारण एक फूट जरी सोडला तरी शेजारी तो खाईल अशी भीती. घर उभे राहते, क्षेत्रफळ भरपूर दिसते. मग खाट टाकायला जावे तर भिंतीत आणि खाटेत तिकोनी फट राहते, तिथे केरसुणीही धड पोचत नाही. फरशी बसवताना भिंतीलगतची प्रत्येक फरशी वेगळ्या मापाने कापावी लागते. मजुरी वाढते, तुकडे वाया जातात. स्लॅबच्या सळया प्रत्येक ओळीत वेगळ्या लांबीच्या. कपाट कुठेच भिंतीला चिकटत नाही. असे घर मोठे असूनही त्यात राहणारी माणसे आयुष्यभर जागा पुरत नाही म्हणून कुरकुरतात.

उपाय जुना आहे, चांगले मिस्त्री तो न सांगता करतात: खोल्या गुण्यात, म्हणजे काटकोनात, घ्यायच्या आणि तिरपेपणा अंगणाला, न्हाणीला, शौचालयाला द्यायचा.

वर सांगितलेलीच 780 फुटांची जागा घेऊ. जुन्या घराच्या पाठीशी ती 21 फूट रुंद आहे, मागच्या हद्दीला 31, खोली 30 फूट. पूर्वेची बाजू सरळ, पश्चिमेची तिरपी. जुन्या घराच्या कडेने चार फुटांचा बोळ, तेवढाच रस्ता. मी इथे 20 बाय 14 चे घर बसवीन, म्हणजे 280 चौरस फूट, घरकुलाच्या किमान मापापेक्षा थोडे जास्त. मागे दोन फूट आणि पूर्वेला दोन फूट सोडीन. नऊ इंची भिंती वजा करून आत दहा बाय साडेबाराची एक खोली आणि पावणेआठ बाय साडेबाराचे स्वयंपाकघर मिळते. दोन्हींचे चारही कोपरे काटकोनात. पश्चिमेला मग एक पाचर उरते, समोरच्या टोकाला पावणेचार फूट आणि मागच्या टोकाला सव्वाआठ. रुंद टोकाला शौचालय आणि न्हाणी, अरुंद टोकाला भांडी घासायची जागा आणि सरपण. न्हाणीची एक भिंत तिरपी झाली तर कोणाचे काही अडत नाही. अंघोळीला माणूस खाट घेऊन जात नाही.

या पाचरीचा दुसरा उपयोग वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात इथला पारा 45 च्या वर जातो आणि दुपारी तीन ते सहा पश्चिमेची भिंत तापते. ती भिंत न्हाणी-शौचालयाच्या आड गेली की झोपायची खोली वाचते. कूलरचे बिलही थोडे वाचते. नकाशात जो भाग फुकट गेला असे वाटत होते, तोच घराची छत्री होतो.

नवे घर मागच्या हद्दीकडे सरकवल्यामुळे जुन्या आणि नव्या घरात 14 फूट अंतर राहते. त्यातले पाच फूट सपरीला, म्हणजे पडवीला, द्यावेत, नऊ फूट मोकळे अंगण. ही सपरी वगळून पैसे वाचवू म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांना ठामपणे नाही म्हणतो. 280 फुटांच्या घरात सपरी हीच बैठक, तीच धान्य निवडायची जागा आणि उन्हाळ्यातली निजायची खोली असते. छपराचा उतार याच अंगणाकडे हवा. मागे किंवा पूर्वेकडे उतार दिला की पागोळ्यांचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात पडते, आणि पागोळ्यांवरून सुरू झालेले भांडण तहसीलपर्यंत जाते. खिडक्याही अंगणाकडे. शेजाऱ्याच्या हद्दीवर खिडकी काढणे म्हणजे पुढच्या पिढीसाठी खटला ठेवून जाणे.

इथवरचे कागदावर जमते. खरी परीक्षा पायाची. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जाईल इतकी. जुन्या मातीच्या घराला लागून नव्या घराचा पाया खोदला की आधीच सैल झालेली भिंत चर पडल्या पडल्या बसू लागते. म्हणून जुन्या भिंतीपासून अंतर ठेवून, पावसाळा टाळून, तुकड्या-तुकड्याने खोदाई करावी लागते. काळी माती काढून मुरूम भरणे, तो थर देत धुमसणे, वर प्लिंथला सळईची पट्टी फिरवणे, हे किमान. थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी विकसित केलेला अंडर-रीम्ड पाइल उपयोगी पडतो. हाताने फिरवायच्या ऑगरने साडेतीन मीटरच्या आसपास छिद्र घ्यायचे, तळाशी ते फुगवायचे आणि काँक्रीट भरायचे. बोळातून मशीन जात नसले तरी ऑगर जातो. आणि सर्वात महत्त्वाचे, शोषखड्डा. जागा लहान म्हणून तो भिंतीला चिकटून खणला तर वर्षभर पायाखालची माती एका बाजूने ओली राहते, घर तिरके होते आणि दोष सिमेंटला दिला जातो. माझ्या नकाशात तो अंगणाच्या पश्चिम कोपऱ्यात जातो, दोन्ही घरांपासून दूर.

साहेब, हे सगळे मी आपल्याला लिहितो याचे एक कारण असे की दुसऱ्या लहान घराचा विचार देशात कुठे नीट झाला असेल तर तो आपल्याच जिल्ह्यात. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, आले. पहिले घर बांधले गेले ते आदी निवास. एक मोठी खोली, तीत स्वतः गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, आले-गेले पाहुणे, सगळे. या गर्दीत कस्तुरबांची कुचंबणा होत होती. ती जमनालाल बजाज यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी शेजारी एक लहान कुटी बांधवून घेतली. तीच बा कुटी. देशाच्या स्वातंत्र्याचा विचार जिथे चालला होता तिथे घरच्या बाईला स्वतःचे दार मिळायला मध्ये जमनालालजींना पडावे लागले, हे मला नेहमी नोंदवावेसे वाटते. आपल्या खेड्यांतल्या किती सासूसुनांना असे जमनालालजी भेटत असतील?

बापू कुटी म्हणून आज जी दाखवतात तीही मुळात गांधीजींसाठी बांधलेली नव्हती. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी ती स्वतःसाठी उभारली होती. परचुरे शास्त्री कुष्ठरोगी म्हणून आश्रमात आले तेव्हा त्यांना दूर कुठे पाठवले नाही, त्यांच्यासाठी वेगळी कुटी झाली, आणि गांधीजी तिथे जाऊन स्वतः त्यांची शुश्रूषा करत. वेगळे घर, पण हाकेच्या अंतरावर. आश्रमाला वाकड्या जागेची अडचण नव्हती हे कबूल. जमनालालजी सेगावचे मालगुजार, जमीन मोकळी होती. मी तिथून जागेचा आकार घेत नाही, दोन घरांमधले अंतर घेतो. आजारी माणसाचा खोकला ऐकू यावा, पण त्याच्या पथ्याचे ताट सगळ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये, इतके ते अंतर.

1978 च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. बापू कुटीत बसून त्यांनी त्या झोपडीविषयी जे सांगितले त्यात एक निरीक्षण कामाचे आहे: एवढ्याशा घरात त्यांना सात प्रकारच्या जागा दिसल्या. चपला काढून आत जायची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची बसायची आणि कामाची जागा, पाहुण्यांची, आजाऱ्याची, उघडी सपरी आणि प्रशस्त न्हाणीघर. आपल्या घरकुलाच्या नकाशात दोन खोल्या आणि एक संडास असतो. चौरस फुटांत फरक फार नसेल, पण राहणाऱ्या माणसाच्या दिवसाचा विचार एका नकाशात आहे आणि दुसऱ्यात नाही. माझ्या 280 फुटांच्या घरातही मी या सातांपैकी पाच बसवू शकतो, कारण सपरी, अंगण आणि ती पाचर माझ्या हाताशी आहे.

साहित्याविषयीही आपल्याला लांब जायला नको. लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गांधीजींना भेटले होते. खेड्यातले घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून उभे राहावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर जपला आणि केरळात तो बांधून दाखवला. वर्ध्यात देवेंद्रकुमार यांनी 1976 साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. त्या केंद्राने शंकूच्या आकाराच्या कवेलूंचे छप्पर विकसित केले. कुंभार चाकावर ही कवेलू काढतो. एकीचे निमुळते तोंड दुसरीच्या रुंद तोंडात बसते आणि ओळीने जोडत गेले की कमान तयार होते. कमानींना कमानी लागल्या की छत. लाकूड लागत नाही, लोखंड लागत नाही, आणि कवेलूच्या आतली हवा ऊन अडवते.

वाकड्या जागेच्या दृष्टीने यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. चार फुटांच्या बोळातून सेंट्रिंगच्या प्लेटा, बल्ल्या आणि मिक्सर नेताना ठेकेदार दुप्पट भाव सांगतो, आणि त्याचे चुकत नाही. कवेलू टोपलीत घालून बाई डोक्यावरून नेते. विटा तशाच, दाबून केलेल्या मातीच्या विटाही तशाच. जिथे रस्ता अरुंद तिथे एका माणसाला उचलता येईल तेच साहित्य स्वस्त. हा हिशेब अंदाजपत्रकात कुठेच येत नाही, कारण अंदाजपत्रक समजते की ट्रक दारापर्यंत येतो. मात्र कमानीच्या छपराचा रेटा भिंतींवर बाजूने येतो. काळ्या मातीवर भिंतींच्या माथ्यावर पट्टी न घालता असे छप्पर घालू नये, आणि ज्याने ते आधी घातले नाही अशा गवंड्याच्या हाती तर देऊच नये. हौस म्हणून केलेल्या देशी प्रयोगाने एखाद्या गरिबाचे घर गळले तर त्या गावात पुढची वीस वर्षे स्लॅबशिवाय कोणी बोलत नाही.

केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ नावाचा ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला आहे. प्रदेशानुसार हवामान, माती, कारागिरी पाहून त्यात घरे दिली आहेत. काम चांगले आहे. त्यात जे नाही ते आपण वर्ध्यात घालू शकतो, आणि त्याला नवा निधी किंवा नवा शासन निर्णय लागेल असे मला वाटत नाही.

घरकुलाच्या जागेचे जिओ-टॅगिंग करायला आपला गृहनिर्माण अभियंता जातोच. त्याने तिथे टेप उघडून पाच मापे घ्यावीत: चार बाजू आणि एक कर्ण. चार बाजू पुरत नाहीत, कारण त्याच चार बाजूंचा चौकोन कितीही कलंडू शकतो. कर्ण घेतला की तो जागच्या जागी बसतो. वरच्या जागेचे उदाहरण: 21, 30, 31, पश्चिमेची साडेएकतीसच्या जराशी वर आणि कर्ण साडेछत्तीस. एवढ्यावर कोणीही कागदावर जागा काढू शकतो. ज्या गावांत स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाण मोजले गेले, तिथे नकाशा आधीच तयार आहे; तो भूमी अभिलेख कार्यालयातून घरकुलाच्या फाइलला जोडून घेणे एवढेच बाकी राहते. सोबत कोणत्या बाजूला रस्ता आहे, बोळ किती फूट आहे आणि शेजाऱ्याच्या पागोळ्या कुठे पडतात, हे तीन ओळींत लिहावे.

मग नकाशे. जिल्ह्यात जे वाकडे आकार वारंवार भेटतात ते थोडेच आहेत: गोमुखी, व्याघ्रमुखी, लांबट पट्टी, रस्त्याच्या वळणावरचा तिकोन आणि जुन्या घरामागची एल आकाराची सांदवाडी. या प्रत्येकासाठी 25 चौरस मीटरचे एकेक घर काढायला जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले तयार होतील. पाया आणि छपराची तपासणी अनुभवी अभियंत्याने करावी. ग्रामीण गवंडी प्रशिक्षण चालते, त्यात मोकळ्या मैदानावर चौकोनी घर बांधून घेतले जाते. एक घर वाकड्या जागेवर बांधून घ्या. सहा-आठ-दहाच्या दोरीने काटकोन कसा काढायचा, दोन कर्ण जुळवून खोली गुण्यात कशी घ्यायची आणि तिरपी फट कुठे ढकलायची, हे तिथेच शिकता येते. मैदानावर ते शिकण्याची वेळच येत नाही. तालुक्याला डेमो हाऊस उभारतात, त्यालाही हेच लागू. पंचायत समितीच्या ऐसपैस आवारात उभे केलेले घर पाहून लाभार्थी खूश होतो आणि घरी येऊन आपल्या तुकड्याकडे बघत बसतो.

एक अडचण मला दिसते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हद्द सोडून बांधायला लोक राजी होत नाहीत. दोन फूट मोकळे टाकले की ते आपले राहतील याची खात्री त्यांना नाही, आणि त्यांचा अनुभव त्यांना खोटे पाडत नाही. म्हणून पाच मापांचा तो कच्चा नकाशा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या नोंदीसोबत ठेवावा आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या त्यावर घ्याव्यात. सोडलेली जागा कोणाची हे लिहून असले की माणूस भिंत आत घ्यायला तयार होतो. सह्या मिळणार नाहीत अशी गावे असतील. तिथे निदान घर बांधायच्या आधी भांडण कळेल.

आठही तालुक्यांत एकदम हे सुरू करा असे मी म्हणत नाही. या वर्षीच्या मंजूर घरकुलांपैकी ज्या जागा सरळ नाहीत अशा एका ग्रामपंचायतीपासून सुरुवात करावी, पावसाळ्याआधी मापे घ्यावीत आणि दिवाळीनंतर पाया खोदावा. मापे घ्यायला आणि नकाशे तपासायला मी विनामोबदला येईन. माझ्यासारखे आणखी काही जण येतील. आपण फक्त गाव सांगावे.

आपला,
गावठाणातल्या घरांचे नकाशे काढणारा एक अभियंता,
सेलू तालुका, जिल्हा वर्धा